किलिमांजारोच्या उतारावरची शाळा: मुलांसोबतचे रोजचे आनंद

मोशीकरीण (धागाकर्ती)

मंडळी, टांझानियातून सुट्टीला घरी आले की सगळे दोनच गोष्टी विचारतात: सिंह पाहिलास का, आणि किलिमांजारो चढलीस का. पण मला सांगायचं असतं ते शाळेतल्या मुलांबद्दल, आणि ते जेवणाच्या पंगतीत पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून हा धागा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मोशीला राहतो. किलिमांजारोच्या पायथ्याचं हे शहर. इथून दालादालात (म्हणजे आपली वडापची गाडी) बसून मारंगूच्या बाजूला वर गेलं की केळी आणि कॉफीच्या बागांमध्ये चाग्गा लोकांची गावं लागतात. एका घराची बाग कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे परक्या माणसाला कळत नाही. वर केळी, त्यांच्या सावलीत कॉफी, खाली अळकुड्या आणि घेवडा, आणि डोंगरातून पाट काढून प्रत्येक बागेला पाळीने पाणी. अशाच एका गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत मी आठवड्यातले काही दिवस जाते. पहिली-दुसरीच्या बाईंना मदत करायची, एवढंच माझं काम. पगार नाही आणि पदही नाही.

शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग. ती वाजायच्या आधीच मुलं आलेली असतात, आणि येताना कोणी खराटा आणतं, कोणी पाण्याचा छोटा कॅन. आधी अंगण झाडायचं आणि फुलझाडांना पाणी घालायचं. मग मचाकामचाका. सगळी शाळा रांगा करून, तालात गाणी म्हणत मैदानाभोवती पळते. पुढे एक मोठी मुलगी ओळ म्हणते, मागून सगळे ती उचलतात. डोंगरातली सकाळची थंडी, अंगावर स्वेटर, धुळीत एका ठेक्यात पडणारी पावलं. पहिलीतली पोरं मला मध्ये घेतात. त्यांचा वेग माझ्या वेगाशी जुळतो, त्यामुळे आमची रांग शेवटची असते आणि गाण्यात सगळ्यात मोठा आवाज आमचाच असतो.

वर्गात पाऊल टाकलं की सगळे उभे राहून एका सुरात "शिकामो, म्वालिमू" (म्वालिमू म्हणजे शिक्षक) म्हणतात, आणि आपण "मारहाबा" म्हणेपर्यंत बसत नाहीत. धाकट्याने थोरल्याला असं अभिवादन करायचं, ही इथली पक्की रीत आहे. वाटेवर भेटलेलं चार वर्षांचं मूलसुद्धा मान झुकवून हे म्हणतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. उत्तर मिळालं की खूश होऊन पळतं. माझ्या दिवसातला हा पहिला आनंद, आणि तो रोज मिळतो.

गणिताला आमच्याकडे बाटल्यांची बुचं आहेत. सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं मुलं गावभर फिरून गोळा करतात आणि धुऊन पिशवीत भरून आणतात. बेरीज त्यांच्यावर, वजाबाकी त्यांच्यावर. शिवाय बाईंनी काही बुचांच्या आतल्या बाजूला अक्षरं लिहिली आहेत: बा, बे, बी, बो, बू. स्वाहिली जशी लिहितात तशीच वाचतात, त्यामुळे दोन बुचं शेजारी ठेवली की शब्द होतो. जोडता जोडता एखाद्या मुलाच्या लक्षात येतं की आपण आत्ता वाचलं! बा आणि बा, "बाबा". त्या क्षणी ते मूल माझ्याकडे बघत नाही, बाईंकडेही बघत नाही. आधी शेजारच्याचा हात ओढून त्याला दाखवतं. हा क्षण पुन्हा पुन्हा बघायला मिळावा म्हणून मी कितीही चढ चढून जाईन.

सकाळी दहाच्या सुमाराला उजी. मोठ्या पातेल्यात चुलीवर शिजवलेली पातळ पेज, मक्याच्या पिठाची. कधी त्यात नाचणीचं पीठही असतं. नाचणीचं मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलंच, तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. कोकणात आजीच्या हातची आंबील प्यायलेली मी, इथे मुलांच्या रांगेत माझा कप घेऊन उभी राहते तेव्हा त्या चवीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. धान्य आणि लाकूडफाटा पालक आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात. 2016 पासून सरकारी शाळांत फी नाही, पण जेवणाची व्यवस्था बरीचशी गावावरच असते.

मग खेळ. याबद्दल मी कितीही लिहू शकते. मुलींचा आवडता रेदे: दोघी दोन टोकांना उभ्या राहून चेंडू मारतात, आणि मधलीने तो चुकवत चुकवत बाटलीत माती भरायची. म्दाको: जमिनीत छोटा खळगा, त्यात खडे. एक खडा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे बाहेर ओढायचे आणि ठरलेले परत आत ढकलायचे. सागरगोटे खेळलेल्या कुणाचेही हात शिवशिवल्याशिवाय राहणार नाहीत. आणि न्यामा न्यामा: म्होरक्या एकेका प्राण्याचं नाव घेतो. ज्याचं मांस खातात त्याला सगळ्यांनी उडी मारून "न्यामा!" (म्हणजे मांस) म्हणायचं, मांजर किंवा कुत्रा आला की गप्प राहायचं. थोडक्यात, आपली "चिमणी उडाली भुर्र". मी एकदा चिमणीचा खेळ मराठीतच शिकवला. आता "भुर्र"वर हात वर करायला अख्खी दुसरी तयार असते, आणि म्हैस उडवली की जे हसू फुटतं ते शेजारच्या वर्गापर्यंत जातं.

मुलांचा फुटबॉल हातानेच बनवलेला. 2019 च्या जूनमध्ये देशात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्याआधी चेंडू पिशव्यांचे वळायचे. आता चिंध्या आत आणि केळीच्या सोपटाचा दोर बाहेरून. दोर कसा आवळायचा यावर दोन गटांत मतभेद आहेत आणि दोन्ही गटांचे चेंडू उत्तम उसळतात.

एक प्रसंग सांगून थांबते. तिसरीतल्या दोन मुलांचं खेळताना जुंपलं. दुसऱ्या दिवशी त्यातला एक इसालेचं पान घेऊन आला. इसाले हे इथल्या बागांच्या कडेला लावलेलं हिरवं झुडूप. चाग्गा लोकांत मोठी माणसं तंटा मिटवायला, माफी मागायला हे पान घेऊन जातात, आणि पान घेऊन आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. पोराने घरी मोठ्यांचं पाहिलेलं असणार. त्याने पान पुढे केलं, दुसऱ्याने ते घेऊन वहीत ठेवलं, आणि दोघं उजीच्या रांगेत एकामागे एक जाऊन उभे राहिले. कुणी शिक्षकांनी सांगितलं नव्हतं.

आपण कुणासाठी काही करतोय, ही भावना शाळेत माझ्या मनात फार वेळ टिकत नाही. मुलांचा दिवस आपल्या गतीने चाललेला असतो आणि त्यात ती मला जागा देतात. मला मिळणारा आनंद हा आहे.

तुमच्यापैकी कुणी असं काम आफ्रिकेत कुठेही केलं असेल तर जरूर लिहा.

---

निवृत्त_बाई

अगं किती छान लिहिलं आहेस! जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग कित्येक वर्षं घेतला, तेव्हा आमच्याकडे चिंचोके होते, तुमच्याकडे बुचं. शेजारच्याचा हात ओढून दाखवणं, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मूल वाचायला लागलं हे शिक्षकाला परीक्षेतून कळत नाही, अशाच हालचालीतून कळतं.

एक विचारते. त्या बाई पुढाकार घेतात की पाहुणी आली म्हणून वर्ग तुझ्यावर सोडतात? आमच्याकडे शहरातले स्वयंसेवक यायचे, दोन तास गाणी घ्यायचे आणि जायचे. मुलं खूश असायची, पण पुढचा आठवडा विस्कटायचा.

---

मोशीकरीण

बाई, वर्ग त्यांचाच आहे. आठवड्याच्या सुरुवातीला त्या सांगतात की अमुक चार मुलं जोडाक्षरांपाशी अडकली आहेत, त्यांना घेऊन तू झाडाखाली बस. मी बसते. झाड दारासमोरच आहे, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात. नवीन काही करायचं तर आधी त्यांना विचारते. चिमणीचा खेळसुद्धा आधी शिक्षकांच्या खोलीत खेळून दाखवला होता. मुख्याध्यापक स्वतः हत्ती उडवून बाद झाले!

2015 पासून इथे पहिली-दुसरीत वाचन, लेखन, गणन या तीन गोष्टींवर मुख्य भर आहे. त्यामुळे वर्गात मुलं जास्त असली तरी काय साधायचं ते बाईंना स्पष्ट असतं, आणि जास्तीचे दोन हात उपयोगी पडतात. तुमच्या चिंचोक्यांची गोष्ट मी त्यांना सांगणार आहे. इथेही चिंचेची झाडं आहेत, खाली सखल भागात.

---

सलीमाकाठी

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी मलावीत सलीमा भागात आहे, सिंचनाच्या पंपांचं काम करतो. शनिवारी मलावी सरोवराकाठच्या एका गावात मुलांच्या वाचनवर्गाला जातो. गावातल्याच तरुण शिक्षकाने तो सुरू केलाय, मी पुस्तकं धरून बसणारा माणूस.

मलावीने 1994 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि शाळेतली मुलं सुमारे 19 लाखांवरून 30 लाखांच्या घरात गेली. खोल्या आणि शिक्षक त्या वेगाने वाढणं शक्यच नव्हतं. आजही आंब्याखाली भरणारे वर्ग सर्रास दिसतात. शनिवारचा आमचा वर्गही आंब्याखालीच.

पण आनंदांचं म्हणाल तर माझा पहिला नंबर तारेच्या गाड्यांना. मुलं जुन्या तारा वाकवून ट्रक बनवतात, चाकं डब्यांच्या झाकणांची, आणि एक लांब काठी वर आणून तिला गोल स्टिअरिंग. उभ्याउभ्या गाडी चालवत गावभर फिरायचं. मी पंपांचा माणूस, त्यामुळे एका पोराने तारेचा पंप करून आणला. दांडा वरखाली होतो! मी त्याला विचारलं की पाणी कुठून येतं, तर त्याने सरोवराकडे बोट दाखवलं, जणू ते सगळं त्याच्या पंपाला जोडलेलंच आहे.

दुसरा आनंद पावसाळ्याच्या सुरुवातीचा. पहिल्या पावसानंतर पंख असलेल्या वाळव्या निघतात, त्यांना इथे 'न्गुम्बी' म्हणतात. दिव्याखाली मुलं पातेली घेऊन बसतात. पंख काढून, भाजून, मीठ घालून खायच्या. पहिला घास मला देतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. चव चांगली असते, भाजलेल्या दाण्यासारखी तेलकट. त्याच दिवसांत आंबे येतात, मग वर्गाचं निम्मं लक्ष वर असतं.

आमच्या शनिवारच्या वर्गात शेवटी एक जण उभं राहून गोष्ट सांगतं, इथल्या चिचेवा भाषेत. सगळ्यांनी मध्ये मध्ये हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणारा थांबतो. माझी चिचेवा अजून कच्ची आहे, पण हुंकार मी वेळेवर देतो, असं मुलांचं प्रमाणपत्र आहे.

---

वऱ्हाडी_माणूस

लेख आवडला. राग मानू नका, पण मनात आलं ते विचारतो. आमच्या मेळघाटात, नंदुरबारात, गडचिरोलीत अशाच शाळा आहेत. मराठी माणसाने आफ्रिकेत जाऊन हे करावं, आणि इथल्या मुलांना कोणी नसावं, हे पटत नाही.

---

मोशीकरीण

दादा, राग कशाचा? प्रश्न रास्तच आहे. मी या कामासाठी विमानाने आलेले नाही. माझं घर इथे आहे. माझी भाजी, माझे शेजारी, माझा डॉक्टर सगळं इथलंच. राहतो त्या भागातल्या शाळेत जावं, एवढंच त्यात आहे. परत आलो तर तिथल्या शाळेत जाईन.

केवळ "आफ्रिकेत जायचं" म्हणून दोन आठवड्यांसाठी येणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत तुमच्याजवळच जातं. प्रवासखर्चाच्या पैशात एखाद्या स्थानिक शिक्षिकेचा बराच पगार निघेल. ज्याला दोनच आठवडे आहेत त्याने जवळची शाळा गाठावी. मेळघाटातल्या मुलांनाही बुचं जोडून दाखवणारं कुणीतरी हवंच आहे.

---

वऱ्हाडी_माणूस

पटलं. धारणीजवळच्या एका आश्रमशाळेत मी सुट्टीत जात असतो, म्हणून तळमळीने लिहिलं. कोरकू बोलणारी पोरं पहिलीत मराठी पुस्तक उघडतात तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. तुमच्याकडे निदान स्वाहिली सगळ्यांना येते का?

---

मोशीकरीण

बहुतेकांना येते. घरी आजी-आजोबा किचाग्गा (चाग्गा लोकांची भाषा) बोलतात, पण गावात, बाजारात, चर्चमध्ये स्वाहिली कानावर असते, त्यामुळे पहिलीतलं मूल अगदी परकं होत नाही. ही भाषा देशभर पोचली त्यामागे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचा आग्रह होता. ते स्वतः शिक्षक, आजही लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणूनच ओळखतात. 14 ऑक्टोबरला त्यांच्या स्मृतिदिनी सुट्टी असते. मोठ्या वर्गांतली मुलं त्यांच्याबद्दल बोलताना एखाद्या ओळखीच्या मास्तरांबद्दल बोलावं तशी बोलतात.

कोंडी येते ती पुढे. प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. सातवीची मुलं सप्टेंबरच्या परीक्षेआधी माझ्याकडे इंग्रजी बोलायचा सराव मागतात. आम्ही कॉफीच्या झाडांत फिरत फिरत बोलतो. विषय त्यांनी निवडायचा. मुलं फुटबॉल निवडतात. मुली बहुतेक वेळा गाईंवर बोलतात, कारण इथे गाई गोठ्यात बांधून वाढवतात आणि गवताचे भारे आणायचं काम त्यांच्याकडे असतं. गाय काय खाते, किती दूध देते, कुणाची व्यायली, हे सगळं त्या इंग्रजीत अडखळत सांगतात, आणि शब्द अडला की भारा खाली ठेवून हातांनी करून दाखवतात. मला त्यातून गाईंबद्दल जे कळलं ते कोकणात लहानपणी गोठा असूनही कळलं नव्हतं.

---

तुळशीवृंदावन

इसालेच्या पानाची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. त्याने विचारलं, आपल्याकडे असं कोणतं पान आहे? दसऱ्याचं सोनं देतो ते सांगितलं. अजून लिहा ताई. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सूर्यफूल_नाशिक

माझ्या मुलीचं शिक्षण संपतंय. तिला वर्षभर आफ्रिकेत मुलांसोबत काम करायचं आहे. इंटरनेटवर पैसे भरून अनाथाश्रमात काम करायच्या खूप जाहिराती दिसतात. आम्हाला काळजी वाटते. काय बघावं?

---

मोशीकरीण

ताई, अनाथाश्रमाच्या जाहिराती पहिल्या बाजूला काढा. हे मी अगदी ठामपणे सांगते. अशा ठिकाणच्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि स्वयंसेवकांचा पैसा येत राहतो म्हणून मुलं घरी न जाता तिथेच राहतात. शिवाय दर काही आठवड्यांनी नवीन ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार. लहान मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होतो ते तुम्ही आई आहात, तुम्हाला सांगायला नको.

शाळा, वाचनालय, खेळाचं शिक्षण अशी कामं बघा, जिथे मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं. तुमच्या मुलीकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला मागणारी संस्था चांगली समजा, न मागणारी सोडा. टांझानियात पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही, त्यासाठी 'क' वर्गाचा निवास परवाना लागतो. संस्था तो काढून देते का ते लेखी विचारा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 च्या दशकापासून चालतो, त्यांच्याकडेही बघा. घरबसल्या करायची कामंही असतात त्यांच्याकडे.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी, दाखला जन्मभर चालतो. मलेरियाबद्दल डॉक्टरांशी बोला. वर शाळेच्या गावाच्या उंचीवर डास कमी, पण मोशीला आणि किनाऱ्यावर काळजी घ्यावीच लागते.

आणि येण्याआधी स्वाहिली शिकायला सुरुवात करू दे. मोडकीतोडकी चालेल. मुलं न थकता दुरुस्त करतात. चुकीचा शब्द वापरला की पहिलीतलं मूल गंभीर चेहऱ्याने बरोबर शब्द सांगतं आणि आपण तो म्हणेपर्यंत थांबतं, अगदी 'मारहाबा'ची वाट बघतं तसं.

फोटोंचं आत्ताच ठरवून टाका: मुलांचे फोटो पालक आणि शाळेला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. म्हणूनच या धाग्यात एकही फोटो नाही.

---

सूर्यफूल_नाशिक

खूप आभार. मुलीला हे सगळं वाचायला दिलं. ती म्हणते आधी भाषा, मग अर्ज.

---

सलीमाकाठी

मुलीला सांगा, यायच्या आधी एखादा हाताचा खेळ किंवा चित्र काढायची सवय करून ये. खेळणी भरून आणू नये. आणलेल्या वस्तूंवरून मुलांत भांडणं होतात, आणि चार दिवसांनी त्या मोडतात. तारेच्या गाड्या मात्र वर्षभर चालतात.

---

निवृत्त_बाई

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटाला काही पाठवायचं आहे. घरी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं पुष्कळ पडली आहेत. चालतील का? पाठवायचा खर्च आम्ही करू.

---

मोशीकरीण

बाई, मनापासून आभार, पण ती पुस्तकं तिथल्याच एखाद्या शाळेला द्या. पहिली-दुसरीला स्वाहिली गोष्टी हव्यात, आणि त्या इथेच मिळतात. दार-एस-सलाममध्ये म्कुकी ना न्योता नावाची प्रकाशन संस्था आहे, त्यांची मुलांसाठी स्वाहिली पुस्तकं आहेत. इथलेच लेखक, इथलीच चित्रं. चित्रातली आई डोक्यावर केळीचा घड घेऊन चाललेली दिसली की वर्गात ओरडा होतो, "ही माझी आई!" दहा मुलं एकदम म्हणतात, आणि मग कुणाची आई हे ठरेपर्यंत गोष्ट थांबते.

गटाला पैसेच द्यायचे असतील तर मी मुख्याध्यापकांशी बोलून शाळेच्या समितीला कोणती पुस्तकं हवीत ती यादी मागवते. यादी त्यांनी करायची, पावती शाळेच्या नावाने घ्यायची. जूनची सुट्टी संपून जुलैत शाळा उघडेल तेव्हा इथल्या वर्गाच्या बाईंशी बसून ठरवू. दोन गोष्टी मात्र त्यांनी आत्ताच सांगून ठेवल्या आहेत: अक्षरं मोठी हवीत, आणि एकाही पुस्तकात सरडा नको, कारण रंग बदलणाऱ्या सरड्याला इथली मुलं फार घाबरतात आणि ते पान कुणी उलटत नाही.

तुमच्या चिंचोक्यांचे खेळ मात्र लिहून पाठवा, बाई. त्यांची इथे खरंच गरज आहे. मी स्वाहिलीत उतरवून देते.